थांबल्यावर बोलणारी बाई

हरीओम गावंडे काय काम करतो, हे कामरगावात कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याच्या सासऱ्यालाही नाही. स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून लोक मला येऊन विचारतात आणि मी दर वेळी चिडतो. सगळं समजावून सांगितलं की समोरचा म्हणतो, म्हणजे हा लोकांना चालायला सांगतो, आणि त्याचे पैसे कोण देतं? देतात बाबा. तुम्ही दिवसभर पारावर बसून दिल्ली चालवता, त्याचे कुणी देत नाही. याला देतात.

तर पुन्हा एकदा सांगतो. पुण्याच्या एका कंपनीने मोबाईलवर एक खेळ काढलाय. तो बसून खेळता येत नाही. कानात इअरफोन घालायचे, फोन खिशात टाकायचा आणि चालायला लागायचं. चाललात की कानात नाटक सुरू होतं. चालत राहिलात की ते पुढे सरकतं, भरभर चाललात की नाटकातली माणसंही धावपळ करायला लागतात. आणि थांबलात की नाटक थांबतं आणि त्यातलं एखादं पात्र तुम्हालाच फैलावर घेतं. शहरातल्या खुर्चीला चिकटलेल्या लोकांना हसवत हसवत हलवायचं, असा एकूण मामला. कंपनीला वऱ्हाडी बोलीतलं एक विनोदी नाटक हवं होतं. हरीओम गणपतीत मंडळासाठी फार्स लिहायचा, लग्नात माईक हातात आला की दोन्हीकडच्या पाहुण्यांना लोळवायचा. अशाच एका लग्नातला त्याचा व्हिडिओ फिरत फिरत पुण्याला पोचला आणि तिथल्या निकिता मॅडमचा फोन आला. लेखन आणि दिग्दर्शन त्याच्याकडे. रेकॉर्डिंग माझ्याकडे, कारण गावात वायरी कळणारा दुसरा कुणी नाही.

एवढा लोकांना हसवणारा माणूस, पण घरात तोंडाला कुलूप. विशेषतः बापासमोर. हरीओमला त्याच्या बाबांना काही सांगायचं असलं की तो मायला सांगायचा. मग माय बाबांना सांगायची. बाबांना काही विचारायचं असलं की तेही याच रस्त्याने परत यायचं. आमच्याकडे निम्म्या घरांत असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हरीओम चाळिशीला आला तरी बापाशी सरळ उभं राहून बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं.

त्याचे बाबा म्हणजे इंद्रभानकाका. शेतकरी माणूस, अंगाने काटक, पण साखरेच्या आजाराने पायांच्या नसा आकसून टाकल्या. थोडं चाललं की पोटऱ्या भरून यायच्या, थांबावं लागायचं. कारंज्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज चालायचं, दुखलं तर घडीभर थांबायचं आणि पुन्हा चालायचं. चालणं सोडलं तर डावा पाय कापावा लागेल. काकांनी ते ऐकलं आणि घरी येऊन खाटेवर पडून राहिले. त्यांना खाटेवरून उठवलं ते गोजराकाकूंनी, म्हणजे हरीओमच्या मायने. रोज सकाळी त्या त्यांना पांदणीला काढायच्या. पांदण म्हणजे आमच्या शेतांमधून जाणारा गाडीरस्ता. काका पुढे, काकू मागे. जुन्या माणसांचं चालणं तुम्हाला माहीत आहे, नवरा-बायको शेजारी शेजारी चालत नाहीत. काका पुढे गप्प चालायचे आणि काकू मागून त्यांच्या पाठीशी बोलत राहायच्या. काका थांबले की त्यांचा आवाज चढायचा. शेतात ओलीत करणारी, म्हणजे पिकाला पाणी देणारी माणसं हात थांबवून ऐकायची.

हरीओमने नाटक लिहिलं तेच मुळी यावरून. नवरा-बायको एक आडमुठं बोकड घेऊन कारंज्याच्या बाजाराला पायी निघालेत. नवऱ्याला ते विकायचंय, बायकोला नाही. खेळणारा माणूस म्हणजे त्यांचा भाचा, बोकडाचं दावं त्याच्या हातात. गोष्ट एवढीच. पण लिहिलेलं बोलणार कोण? आधी अमरावतीहून दोन नट आणले. चांगले होते बिचारे, पण त्यांची वऱ्हाडी अशी की जणू काही वऱ्हाडीची नक्कल करायचं बक्षीस मिळणार आहे. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून आम्ही रेकॉर्डिंग करत होतो. काकू चहा घेऊन आल्या, दाराशी उभं राहून थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, “असं कोन बोलते रे बाप्पा नवऱ्याशी?” हरीओमने दुसऱ्या दिवशी नटांना गाडीत बसवून दिलं आणि माय-बापाला खोलीत आणलं.

आणि सगळं मुसळ केरात. काका माईकसमोर खांबासारखे उभे. ते चालण्यासारखं होतं, कारण नाटकातला नवराही तसाच होता. पण काकूंचं काय झालं देव जाणे. काकांच्या समोर उभं केलं की त्या डोक्यावर पदर घ्यायच्या आणि तहसीलदाराशी बोलावं तसं हळू, अदबीनं बोलायच्या. हरीओम म्हणायचा, माय, तू रोज बोलते तसं बोल. त्या म्हणायच्या, तसंच तं बोलून राह्यली. दोन दिवस आम्ही डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी हरीओमच्या लक्षात आलं की या बाईने उभ्या संसारात नवऱ्याच्या तोंडाकडे बघून भांडण केलेलंच नाही. तिचं सगळं भांडण त्याच्या पाठीशी. पाठ दिसल्याशिवाय तिची जीभ सुटत नाही.

मग आम्ही गाद्या काढल्या आणि पांदणीला गेलो. काका पुढे, काकू मागे, त्यांच्या मागे रेकॉर्डर घेऊन हरीओम आणि बांबूला माईक बांधून मी. पाखरांचा आवाज, पायांखालची माती, लांब कुठेतरी ट्रॅक्टर, सगळं येऊ दिलं. काकूंनी हरीओमने लिहिलेलं अर्धंच बोललं, बाकीचं स्वतःचं. नाटकातलं बोकड कसं चालतं हे सांगताना त्यांनी काकांच्या चालण्याचं असं काही वर्णन केलं की हसून माझ्या हातातला बांबू हलला आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागला. पुन्हा घेताना त्यांनी वेगळंच वर्णन केलं.

खेळाला थांबल्यावरची बोलणी हवी होती आणि ती हरीओमला लिहिता येईनात. कागदावर उतरवली की पुचाट वाटायची. शेवटी त्याने युक्ती केली. माझ्याकडून काकांना गुपचूप सांगवलं की हरीओम खोकला की तुम्ही उभे राहा, काकूंना सांगू नका. हा खोकायचा, काका थांबायचे आणि मागून सुरू.

“काहून, पायाले मुया फुटल्या का?”

“कोन भेटलं? कोनीच नाई? मंग कोनाशी बोलाले थांबले, बाभयीशी?”

“लग्नातई असेच थांबत थांबत आलते. मुहूर्त निंगून गेला, भात गार झाला, मी मांडवात उपाशी.”

त्या सकाळी हरीओमला खोटा खोटा खोकता खोकता खरा खोकला लागला. मग एकदा तो खोकला नाही तरी काका थांबले. पोटऱ्या भरून आल्या होत्या. बांधावर हात टेकत ते खाली बसले. काकू मागून बोलत होत्या त्या गप्प झाल्या, जवळ गेल्या, आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाल्या, “बसा मंग थोडंसं. मी हाय अठीच.” माझा माईक चालू होता. हरीओमने ते वाक्य ठेवलं. खेळात त्याने ते सगळ्यात शेवटी लावलं. माणूस थांबला की काकू एकामागून एक बोलत जायच्या, आणि सगळं ऐकूनही तो हललाच नाही तर शेवटी हे वाक्य यायचं आणि त्या दिवसाचा खेळ बंद व्हायचा.

झालं तेवढं नाटक कंपनीने खेळात टाकलं आणि ते लोकांना भलतंच आवडलं. पुण्या-मुंबईत राहणारे आपल्याकडचे लोक हरीओमला फोन करायचे, काही जण म्हणायचे की आमच्या मोठ्या मायची आठवण आली. पण थोड्या दिवसांनी निकिता मॅडमची तक्रार आली. बाई बोलायला गोड, पण तक्रार ती तक्रार. म्हणाल्या, लोक मुद्दाम थांबताहेत. आमच्या बाकीच्या नाटकांत लोक थांबले की लगेच चालायला लागतात, तुमच्या नाटकात मात्र उभे राहून शेवटपर्यंत ऐकतात. चालण्याच्या खेळात थांबायला मजा येते, हे बरोबर नाही. आणि ते शेवटचं वाक्य तर काढाच, आम्ही लोकांना बसा म्हणून कसं सांगणार? म्हणणं चुकीचं नव्हतं. हरीओमने ते घरी मायला सांगितलं. काकूंनी हातातली भाजी निवडत म्हटलं, “त्याइले घरी कोनी बोलत नसन.” आणि पुढच्या रेकॉर्डिंगच्या वेळी जरा कमी बोलीन, असंही कबूल केलं.

पुढचं रेकॉर्डिंग झालं नाही. नाटकातलं बोकड अजून बाजाराला पोचायचं होतं. सोयाबीन काढणीच्या धामधुमीत काकूंना ताप आला. चार बाया कामावर, मळणीयंत्र दारात, अशात कोण झोपून राहणार? त्यांनी ताप अंगावर काढला. कारंज्याला दाखवलं तोवर उशीर झाला होता, तिथून अमरावतीला नेलं आणि तिथे त्या गेल्या. बाई बोलता बोलता जाईल असं आम्हाला वाटायचं. शेवटचे दिवस तोंडाला नळी लावलेली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घरात बाप-लेक उरले आणि त्यांच्यामधला रस्ता गेलेला. हरीओमची बायको रीता समजूतदार आहे, पण सासऱ्याशी सुनेने किती बोलायचं याचीही एक हद्द असते. काका जेवायला बोलावलं की जेवायचे, नाहीतर नाही. डॉक्टरांचं, चालण्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. हरीओम रोज माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि म्हणायचा, “बाबाले सांग ना तू चालाले.” मी सांगितलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन आल्याचं सोंग करून निघून आलो.

मग एके दिवशी सकाळी काका आपणहून पांदणीला निघाले. कानात इअरफोन. काकूंनीच मागे एकदा हौसेने माझ्याकडून काकांच्या फोनवर तो खेळ टाकून घेतला होता. आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू. हरीओमने मला पेढा दिला, खरंच दिला. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. उन्हं चांगली वर आली की परत यायचे. आम्ही म्हटलं, मायने मरूनही म्हाताऱ्याला चालायला लावलं.

पंधरवड्याने कारंज्याला दाखवायला नेलं, तर डॉक्टर हरीओमवरच भडकले. पाय आधीपेक्षा वाईट. बोटं गार पडलेली. हे चालत नाहीत, डॉक्टर म्हणाले, तुम्ही मला सांगू नका. आता महिनाभरात फरक पडला नाही तर मी अमरावतीला चिठ्ठी देईन, तिथे ते काय करतील ते तुम्हाला माहीत आहे. हरीओम म्हणाला, साहेब, रोज सकाळी जातात, परत यायला इतका वेळ लागतो. डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हरीओम चोरासारखे तुरीत शिरलो. तूर तेव्हा डोक्याएवढी होती. पांदणीच्या पहिल्या वळणावर, गावाची घरं अजून दिसतात तिथेच, काका बांधावर बसले होते. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. बराच वेळ तसेच. मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, ते गेलं, पुन्हा आलं. मला कळेना. हरीओमला कळलं. त्याचे ओठ हलत होते. बापाच्या कानात या क्षणी कुठलं वाक्य चालू असेल, हे तो मनात मोजत होता. भात गार झाला. मग बाभळी. मग मुळ्या. मग काकांनी डोळे मिटले. हरीओम माझ्या कानाशी म्हणाला, “आता माय बसा म्हणते.” काका डोळे मिटून बसून राहिले. थोड्या वेळाने उठले, खिशातून फोन काढून काहीतरी केलं, चार पावलं टाकली आणि पुन्हा येऊन बसले. पुन्हा पहिल्यापासून. ते रोज सकाळी येऊन हेच करत होते. चालले असते तर नाटक पुढे गेलं असतं, आणि पुढे ते संपतं हे त्यांना माहीत होतं.

आम्ही तुरीतून मागच्या मागे निघालो. दुकानात आल्यावर हरीओम म्हणाला, “म्या लोकायले चालवाचं म्हणून लेयलं, अन् माह्याच बापाले बसवलं.” मी म्हटलं, जाऊन सरळ बोल त्यांच्याशी. सांगणं सोपं होतं. पण तोही गेला. रात्रीच्या जेवणाआधी काका ओसरीवर बसले असताना समोर जाऊन उभा राहिला आणि काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, “हरी, अजून लेह ना तिचं.”

“कोनाचं?”

“तुह्या मायचं. थांबल्यावरचं. तेच ते हाय सारं.”

हरीओम म्हणाला, “बाबा, लेयलं तरी बोलन कोन?”

“तू लेह तं,” काका म्हणाले. “मंग पाहू.”

बापाने आयुष्यात पहिल्यांदा पोराकडे काही मागितलं, आणि तेही नेमकं हे. हरीओमने मला हे सांगितलं तेव्हा तो रडला, आणि मी चिडलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. निकिता मॅडमला सगळं कळल्यावर त्यांनी चांगल्या मनाने एक मार्ग सुचवला. हल्ली कॉम्प्युटर कुणाचाही आवाज काढतो, तुमच्याकडे त्यांचं इतकं बोलणं आहे, आम्ही त्यांच्या आवाजात नवीन वाक्यं करून देऊ. हरीओमने एक वाक्य लिहून पाठवलं. चांगलं लिहिलं होतं. ते तयार होऊन आलं, आम्ही मागच्या खोलीत लावलं. आवाज हुबेहूब काकूंचा. शब्दही बरोबर. फक्त त्यात चिडलेलं कुणी नव्हतं. हरीओमने ते निम्म्यात बंद केलं आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

आवाजाचा मार्ग सुचवला त्याच फोनवर मॅडमने जुना विषय पुन्हा काढला होता. खेळाची नवी आवृत्ती निघणार होती, आमच्या नाटकातली थांबल्यावरची बोलणी तेवढी काढायची राहिली होती. दिग्दर्शक म्हणून तुमची परवानगी लागेल, तुमच्या घरातलं दुःख आम्हाला समजतं, घाई नाही, पण कळवा. म्हणजे असं, की काढली तर काकू फक्त चालताना बोलतील. थांबलं की गप्प. मायचा आवाज ऐकायचा तर बाबांना चालावंच लागेल. डॉक्टर म्हणतात तसं. नाटक संपेपर्यंत तरी पाय हलेल, तेवढ्यात सवय लागेल. हरीओम हे मला पुन्हा पुन्हा सांगत होता. बापाचा पाय एकीकडे आणि मायचं ते वाक्य दुसरीकडे, यात बाहेरच्या माणसाने काय तोंड घालायचं? आठवडाभर तो असाच फिरत राहिला. काकांच्या अंगठ्याचा रंग बदललेला रीताने पाहिला आणि त्या दिवशी दुपारी त्याने माझ्या दुकानात बसून मॅडमला कळवलं, काढा.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी मी दुकान उघडत होतो, तर काका समोर. इअरफोन गळ्यात, फोन हातात. पांदणीहून थेट स्टँडपर्यंत चालत आले होते, पोटरी चोळत होते. हरीओम मागच्या खोलीत होता.

“राजू, हे पाह्य बरं,” काकांनी फोन काउंटरवर ठेवला. “बिघडलं. चाललो का बोलते. थांबलो का गप राह्यते. जितेपनी असं कदीच नाई झालं.”

मी फोन हातात घेतला. मागचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. दुरुस्तीवाल्याला न बिघडलेली वस्तू हातात घेऊन उभं राहण्याइतकी वाईट वेळ नाही. थोडा वेळ मी काच पुसत राहिलो. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि हरीओम बाहेर आला.

“बाबा, बिघडलं नाई. म्याच काहाडलं ते.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. “काहून?”

“तुमचा पाय जाईन म्हणून.”

काकांनी खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं, जणू तो कुणाचा आहे हे त्यांना आत्ताच समजलं. “पाय माहा हाय ना,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मला राहवेना. मी म्हटलं, काकाजी, काकूचं सगळं रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरात आहे, काहीच कुठे गेलं नाही. तुमच्या फोनवर टाकून देतो, बटण दाबलं की लागेल, हवं तेव्हा ऐका. हरीओमने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण मी सांगून टाकलं होतं. काकांनी मान हलवली.

“बटन दाबून बोलली तं ते तिचं बोलनं थोडीच. थांबलो का आपल्या मनानं बोलली पायजे.”

फोन तसाच काउंटरवर ठेवून ते निघाले. स्टँडवरून, हॉटेलांवरून, पारावरच्या लोकांसमोरून, कुठेही न थांबता घरापर्यंत गेले. दुखलं तर घडीभर थांबा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेवढंही थांबले नाहीत. हरीओम दारात उभा राहून पाहत होता.

त्यानंतर काका रोज सकाळी पांदणीला जायला लागले, फोनशिवाय. घरात बसवत नव्हतं म्हणून असेल. हरीओमही त्यांच्या मागे जायला लागला, थोडं अंतर ठेवून. गाव म्हणायचं, पोरगा असावा तर असा. बाप-लेकांचं बोलणं काही होत नव्हतं. कंपनीने दुसरं नाटक लिहायला सांगितलं होतं, हरीओमने त्याची एक ओळ लिहिली नव्हती. लग्नात माईक धरायची बोलावणी त्याने परत पाठवली. डॉक्टर म्हणाले, पाय आहे तसा आहे, बघू. म्हणजे त्यांनाही काही सांगता येत नव्हतं.

मी त्यांना पाहिलं ते एवढ्यात, आमच्या हरभऱ्याला पाणी द्यायला गाडीवर चाललो होतो तेव्हा. तुरी कापून झाल्या होत्या, त्यामुळे पांदण लांबूनच दिसत होती. काका उभे होते. पहिल्या वळणाच्या बरंच पुढे आले होते. त्यांच्या मागे काही पावलांवर हरीओम उभा. मला वाटलं, पोटरी भरली असेल. जवळ येत मी गाडी हळू केली. पण काका पोटरी चोळत नव्हते, बसतही नव्हते. नुसते पाठ करून, मान किंचित वाकडी करून उभे होते. ऐकत असल्यासारखे.

“बोल ना,” ते म्हणाले, वळून न पाहता.

हरीओम म्हणाला, “काय बोलू बाबा?”

“थांबलो ना मी.”

हजारो माणसांना हसवणारा, उभ्या मांडवाला पोट धरायला लावणारा हा माणूस. तो पायाने एक ढेकूळ फोडत राहिला. मी त्याला ओळखतो, तो शोधत होता. मायचं जुनं वाक्य म्हणावं तर ते मायचं, नवीन म्हणावं तर बापाला टाकून बोलायचं, आणि ते त्याने जन्मात केलं नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, “चाला ना बाबा.”

काकांनी मान हलवली. “तसं नाई.”

मग ते हळू आवाजात म्हणाले, “म्याई पायलं तिच्यासारखं बोलून. अठी येऊन रोज पायतो, मनातल्या मनात. नाई जमत.”

मी गाडी बंद केली. आम्ही तिघंही पांदणीत थांबून राहिलो, आणि आम्हाला कुणी काही बोललं नाही.